गल्ल्यावर कुणीच नसतं

आमच्या शाळेतल्या रामहाटात दुकानदार नाही. आठवीच्या वर्गाबाहेर वऱ्हांड्यात एक लाकडी मांडणी आहे. तिच्यावर पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, एकरेघी आणि चौकटीच्या वह्या, आलेखाचे कागद, भारताचे कोरे नकाशे, गोंदाच्या बाटल्या. बाजूला खडूने लिहिलेला दरफलक आणि स्टीलची एक थाळी. मूल येतं, हवी ती वस्तू उचलतं, थाळीत पैसे ठेवतं, सुटे परत घ्यायचे असले तर तेही स्वतःच उचलतं आणि वर्गात निघून जातं. गुजरातमधल्या कितीतरी प्राथमिक शाळांत असं रामहाट असतं. खोया-पाया, आजचं गुलाब, आजचा दीपक, पाखरांच्या दाण्यांचं अक्षयपात्र, बाळ संसद हे सगळे याच माळेतले उपक्रम. शाळांच्या भिंतींवर ही नावं रंगवलेली दिसतात.

मी बडोद्यात एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांची घरं गायकवाडी काळापासून इथली, वाडीतली, दांडिया बाजारातली. घरात मराठी, गल्लीत गुजराती. पण जास्त मुलं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांतली. वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात, आई चार घरची कामं करणारी, आजी अहिराणीत बोलणारी. शाळेत आल्यावर सगळीच आम्हाला इथल्या रीतीने ‘बेन’ आणि ‘सर’ म्हणतात. या मुलांनी दुकान हातात घेतलं तेव्हापासून काय काय झालं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. चारित्र्य घडवण्याबद्दल शाळांतून पुष्कळ बोललं जातं, पण ते घडताना कसं दिसतं हे फारसं कुणी सांगत नाही.

रामहाट आमच्याकडे आधीही होतं. ते काचेच्या कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कार्यालयात. मुलाला पेन्सिल हवी असेल तर त्याने शिक्षकाला सांगायचं, शिक्षकाने किल्ली आणायची, पैसे घ्यायचे, वस्तू द्यायची. तपासणीला कुणी आलं की ते कपाट पुसून पुढे ठेवलं जाई. त्यात प्रामाणिकपणाची परीक्षा कुणाचीच नव्हती, कारण चुकायला वावच नव्हता.

बाळ संसदेचंही थोडंफार तसंच होतं. जुलैमध्ये निवडणूक मोठ्या थाटात होते. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप असतं, बटण दाबलं की बीप वाजतो, बोटाला शाई लागते, मतदान अधिकारी आणि पोलीसही मुलंच. तिसरीतली पोरं तो बीप ऐकायला रांगेत ताटकळत उभी राहतात. मग पंतप्रधान, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, बागमंत्री ठरतात, छातीवर बिल्ले लागतात, शपथविधी होतो. त्यानंतर त्या मंत्र्यांनी ठरवण्यासारखं काही उरतं का, हा खरा प्रश्न. रांगा सरळ करणं आणि फळा पुसणं ही कामं सांगितलेली असतात. सांगितलेलं काम नीट करणं चांगलंच, पण त्यातून आज्ञाधारकपणा येतो. काय योग्य, काय अयोग्य हे स्वतः तोलायची सवय त्यातून येत नाही. ती यायला मुलाच्या हातात खरोखर बिघडू शकेल अशी एखादी गोष्ट द्यावी लागते.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली. त्या वर्षी संसदेने कोषाध्यक्ष म्हणून सातवीतल्या एका मुलीला नेमलं. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, “बेन, मी कोषाध्यक्ष, मग कपाटाची किल्ली माझ्याकडे का नाही?” मी तिला म्हटलं, हा प्रश्न तू आचार्य सरांनाच, म्हणजे मुख्याध्यापकांनाच विचार. ती आणि पंतप्रधान दोघं कार्यालयात गेली. सरांनी त्यांचं नीट ऐकून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि तीन अटींवर होकार दिला. भांडवल शिक्षकांकडून उसनं मिळेल, ते परत करायचं. दर शनिवारी मोजदाद करून हिशेब लिहायचा. खाण्याची वस्तू विकायची नाही. बाकी सगळं मुलांनी ठरवायचं. या होकाराबद्दल मी आमच्या सरांची कायमची ऋणी आहे. उद्या काही कमी-जास्त झालं तर वर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं.

आम्ही शिक्षकांनी मिळून दीड हजार रुपये उसने दिले. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, पालकांची संमती घेऊन, चार मुलं आणि आम्ही दोघी रावपुऱ्यातल्या एका घाऊक दुकानात गेलो. आम्ही बाजूला उभ्या राहिलो. पेन्सिलीचा डबा कितीला, किरकोळ किंमत किती, शार्पनरचं पातं गंजतं का, वहीचं पान पलीकडे उमटतं का, हे सगळं मुलांनी विचारलं. दुकानदारही भला माणूस. त्याने शाईचं पेन काढून वहीच्या पानावर ओढून दाखवलं.

दर ठरवायला मात्र दोन बैठका लागल्या, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची चर्चा तीच. आठवीतल्या काहींचं म्हणणं, जितक्याला आणलं तितक्यालाच विकायचं, नफा घ्यायचा नाही. कोषाध्यक्षीण म्हणाली, मग एखादी पेन्सिल तुटली, एखादं नाणं हरवलं तर उसने पैसे परत कुठून करायचे? शेवटी वस्तूमागे थोडी वाढ ठेवायची आणि त्या पैशांची वेगळी नोंद करायची असं ठरलं. मग आकडे आले. खोडरबर तीन रुपये, वही अकरा रुपये, नकाशा दीड रुपया. तेव्हा आरोग्यमंत्री, जो एरवी बैठकीत तोंड उघडत नसे, म्हणाला, “माझी बहीण दुसरीत आहे. तिला दहातून तीन वजा करायला बोटं लागतात. ती सुटे चुकीचे घेईल आणि आपण तिला चोर म्हणू.” सगळे गप्प झाले. मग सगळे दर दोन, पाच आणि दहा या तीनच आकड्यांत बसवले. नकाशे दोनला एक, खोडरबर पाचला दोन, वही दहाला. वहीवर थोडं नुकसान, पेन्सिलीवर थोडा फायदा. दुसरीतल्या मुलाला तोंडी करता येईल असाच दर हवा, हा नियम त्यांनी फलकाच्या वर लिहून ठेवला. प्रामाणिक वागणं सोपं व्हावं अशी व्यवस्था आधी करावी लागते, हे त्या मुलाने आपल्या बहिणीकडे बघून ओळखलं होतं. मोठ्यांच्या कितीतरी कचेऱ्यांत हे आजही कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा वाद गल्ल्याचा. फटीतून पैसे टाकायचा बंद डबा ठेवायचा की उघडी थाळी? बंद डब्यातून सुटे घेता येत नाहीत. उघड्या थाळीतून कुणीही मूठ भरून नेऊ शकतं. आम्हा शिक्षकांपैकी बहुतेकांचा कल डब्याकडे होता आणि त्यामागे काळजीच होती. मतदान झालं, थाळी निवडून आली. मात्र त्यासोबत कोषाध्यक्षिणीने एक नियम घातला: मधल्या सुट्टीनंतर थाळीत सुट्यांपुरतेच पैसे ठेवायचे, बाकीचे काढून कार्यालयात जमा करायचे. आणि मोजायला कधीही एकट्याने बसायचं नाही. दोघांनी बसायचं, तेही वेगवेगळ्या वर्गांतल्या, आणि दोघांनी सही करायची. “एकटं मोजलं आणि चुकलं, तरी चोरीच वाटते,” हे तिचं कारण. तिचे वडील एका सहकारी पतसंस्थेत शिपाई आहेत. तिथलं काहीतरी घरी ऐकलेलं तिला उपयोगी पडलं असावं.

पहिल्या शनिवारी मोजदाद झाली आणि पैसे कमी भरले. विकल्या गेलेल्या मालाच्या मानाने रक्कम बरीच कमी होती. पंतप्रधानाचा चेहरा उतरला. शाळेत कुजबुज सुरू झाली, पाचवीतल्या अमुक मुलाच्या दप्तरात नव्या पेन्सिली दिसल्या वगैरे. एका पालकाने कॅमेरा लावा असं सुचवलं. संसदेच्या बैठकीतही दप्तरं तपासायचा प्रस्ताव आला आणि त्याला हात बरेच वर झाले.

इथे मी एकदाच बोलले. मुलांना सांगितलं की शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला, त्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत कुणालाही शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. सगळ्यांसमोर दप्तर उपसलं आणि त्यात काही निघालं नाही, तर त्या मुलाला जे वाटेल त्याची भरपाई कशी करायची ते आधी ठरवा, मग तपासा. एवढं सांगून मी मागे जाऊन बसले. बराच वेळ कुणाला उत्तर सुचलं नाही. प्रस्ताव मागे घेतला गेला.

मग पाणीमंत्र्याने सुचवलं की चोर शोधायच्या आधी पैसे का कमी आले ते शोधू. प्रत्येक वर्गात दोन-दोन जण गेले आणि ‘कुणी नेलं’ असं न विचारता ‘रामहाटात काय अडचण येते’ असं विचारून आले. जे हाती आलं त्याने आम्ही मोठेही थक्क झालो. चौथीच्या दोघांना वाटलं होतं की वस्तू शाळेकडून फुकट आहेत, गणवेश आणि पाठ्यपुस्तकं मिळतात तशाच. काहींनी दहाची नोट ठेवून पाच परत घ्यायच्या ऐवजी लाजून घेतलेच नव्हते, म्हणजे पैसे उलट जास्त ठेवले होते. आणि तिसरीतला एक मुलगा सरळ म्हणाला, “माझी पेन्सिल संपली होती. पैसे नव्हते. मी उद्या देणार होतो. पण उद्या पण नव्हते.”

या वाक्यावर पुढची बैठक चालली. ही चोरी का? एकजण म्हणाला, न विचारता घेतलं म्हणजे चोरी. दुसरी म्हणाली, विचारणार कुणाला, दुकानात तर कुणीच नसतं! मग उधारीची वही ठेवायचं ठरलं. पण नाव लिहायचं म्हटल्यावर नाव सगळ्यांना दिसणार. ज्याच्या घरी महिन्याच्या शेवटी पैसे नसतात त्याचंच नाव रोज दिसणार. बागमंत्री, फारच शांत मुलगी, म्हणाली, “नाव कशाला? काय घेतलं तेवढं लिहू दे. पैसे आणले की त्यानेच त्याच्यावर रेघ मारावी.” मी मनात म्हटलं, हे टिकणार नाही. पण ठरवायचं त्यांनी होतं.

ती वही अजून चालू आहे. दोरीने मांडणीला बांधलेली आहे, सोबत एक पेन्सिल. पानं उलटली की ‘पेन्सिल १’, ‘वही १’, ‘खो. रबर’ अशा वेड्यावाकड्या अक्षरांतल्या नोंदी आणि त्यांच्यावर मारलेल्या रेघा दिसतात. काही नोंदींवर रेघ नाही. काहींवर दोन महिन्यांनी पडली. लहान मुलं अक्षराऐवजी चित्र काढतात, पेन्सिलीचं चित्र आणि त्याच्यावर फुली. नोंद झाली म्हणजे त्या मुलाने स्वतःशी कबूल केलं की हे देणं आहे. माझ्या दृष्टीने रकमेपेक्षा याचं मोल जास्त आहे. दप्तर तपासून ते कधीच मिळालं नसतं.

हिशेब दर सोमवारी प्रार्थना संमेलनात वाचला जातो. माल इतक्याचा गेला, थाळीत इतके आले, वहीत इतकी उधारी, इतके कशातच बसत नाहीत. नाव कुणाचं नाही, उपदेशही नाही, फक्त आकडे. ‘कशातच बसत नाहीत’ हा आकडा सुरुवातीला मोठा होता, हळूहळू उतरला, आणि मधूनच वर जातो. नवरात्रात दरवर्षी जातो, कारण रात्री गरबा, सकाळी झोप अर्धवट आणि मोजणारेही पेंगत असतात. शून्यावर तो क्वचितच आलेला आहे. एका शिक्षिकेने मला विचारलं की मग फायदा काय? मी तिला उलट विचारलं की कुलूपबंद कपाटात तो आकडा नेहमी शून्य होता, त्यातून मुलं काय शिकली?

बक्षिसांचा अनुभवही सांगायला हवा, कारण शिक्षेबद्दल बोलणारे बरेच जण बक्षिसाचं दुसरं टोक विसरतात. खोया-पायाच्या डब्यात सापडलेली वस्तू टाकायची आणि संमेलनात त्या मुलाचं नाव घेऊन टाळ्या वाजवायच्या अशी आमच्याकडे पद्धत होती. काही दिवसांनी डब्यात पेन्सिलींचा आणि एक-एक रुपयाच्या नाण्यांचा पूर आला. संसदेतल्या मुलांनी सहज ओळखलं की लहान मुलं स्वतःचीच पेन्सिल ‘सापडली’ म्हणून आणून देत आहेत. टाळ्या कुणाला नको असतात? मुलांनी त्या बाळांना रागावलं नाही. त्यांनी फक्त नाव घेणं बंद केलं. आता वस्तू जाहीर होते, आणणारा होत नाही. पूर ओसरला आणि नंतर जे आलं ते खरोखर हरवलेलं होतं. त्यात एकदा पन्नासची नोट आली आणि एकदा चांदीचं पैंजण.

गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं तेव्हा भय आणि लालूच ही दोन्ही शिक्षणाची शत्रू मानली होती. त्यांच्यासोबत भावनगरला काम करून मग बोर्डी-कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडकांमुळे हा विचार मराठीतही रुजला. आम्ही बी.एड.ला हे सगळं पाठ करून पास होतो. पण एक रुपयाच्या नाण्यांनी भरलेला तो डबा पाहीपर्यंत लालूच म्हणजे काय हे मला डोळ्यांनी दिसलेलं नव्हतं.

‘आजचं गुलाब’ हाही असाच बदलला. सर्वांत स्वच्छ, नीटनेटक्या मुलाला दिवसभर छातीवर गुलाब लावायचा. मुलांच्याच लक्षात आलं की गुलाब फिरून फिरून त्याच चार-पाच जणांना मिळतो, ज्यांच्या घरी दोन गणवेश आहेत आणि नळाला सकाळी पाणी येतं. आरोग्यमंत्र्याने मांडलं की निदान नखं आणि हात एवढंच बघू, ते सगळ्यांना जमतं. ते मान्य झालं, आणि वर्गाबाहेर साबणाची वडी ठेवायचा खर्च रामहाटाच्या वाढीतून निघाला.

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकरांना सांगायला नको. जन्माष्टमीच्या सुमाराला पाऊस कोसळत राहिला, आजवा तलावातून पाणी सुटलं, विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि कित्येक दिवस अर्धं शहर पाण्यात होतं. सोसायट्यांच्या आवारात मगरी निघाल्या. काळा घोड्याच्या पुलावर पाणी किती फूट हे आमच्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. शाळा उघडली तेव्हा कित्येकांची दप्तरं चिखलाची झाली होती. रामहाटाची खालची फळीही भिजून सगळ्या वह्या फुगल्या होत्या.

संसद बसली. शिल्लक वाढीचे पैसे होते आणि शिक्षकांचं उसनं अजून पूर्ण फिटलेलं नव्हतं. पैसे आधी परत करायचे की वह्या आणायच्या? आम्ही आमची रक्कम सोडून द्यायला तयार होतो. कोषाध्यक्षिणीने, ती तेव्हा आठवीत होती आणि दुसऱ्यांदा निवडून आलेली, स्वच्छ नकार दिला. “तुम्ही सोडलेत तर ते आमचं राहणार नाही. दिवाळीनंतर देऊ, पण देऊ.” मग वह्या आल्या. वाटायच्या कशा यावर रणकंदन झालं. पूरग्रस्तांची यादी करा, एकाने म्हटलं. बागमंत्री पुन्हा म्हणाली, यादी नको. वह्या मांडणीवर ठेवू, दराच्या जागी काहीच लिहायचं नाही, ज्याची भिजली त्याने न्यावी.

तसंच केलं. पहिल्या दिवशी सकाळीच वह्या संपल्या, आणि त्यातल्या काही ज्यांच्या घरात पाण्याचा थेंब शिरला नव्हता त्यांनीही नेल्या. हे उघड दिसत होतं. संसदेतली मोठी मुलं संतापली. मी त्यांना रागावू दिलं, तो राग खरा होता. पण सहावीतल्या एका मुलाने उभं राहून सांगितलं की त्याने दोन नेल्या, एक स्वतःची, एक शेजारच्या मुलीची, ती अजून शाळेत आलीच नव्हती. त्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता. यानंतर कुणी कुणावर बोट दाखवलं नाही. दुसऱ्या खेपेला वह्या आणल्या तेव्हा फलकावर एवढंच लिहिलं: ‘अजून ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी.’ त्या वह्या चार दिवस पुरल्या. आणि आठवड्याच्या शेवटी मांडणीवर तीन वह्या परत आलेल्या होत्या, कोऱ्या, एकीवर घरच्या हळदीचा डाग. आमचं उसनं दिवाळीच्या सुट्टीनंतर पै न पै परत मिळालं, दोघांच्या सहीच्या पावतीसकट.

मला वाटतं, हे सगळं बडोद्यात घडणं अगदीच वेगळं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानात नेलं, हे आपल्याला पाठ असतं. पण १९१० नंतर याच शहरातून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या गेल्या, ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते. नुकत्याच लिहा-वाचायला लागलेल्या लोकांच्या हाती राजाने पुस्तकं सोपवली. काही फाटतील, काही हरवतील हे धरूनच कुणीतरी तो निर्णय घेतला असणार. माझ्या मुलांना मी ही हकिकत सांगितली तेव्हा कोषाध्यक्षिणीचा पहिला प्रश्न होता, “आणि पुस्तकं परत आली का मोजायचं कोण?”

उत्तरायणानंतरच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीनंतरच्या, दोऱ्याचं काम थोडक्यात सांगते, कारण ते मुलांनी स्वतःहून काढलं. चायनीज दोऱ्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी साधा काचेचा मांजाही झाडांत, तारांत अडकून पाखरांच्या पंखांना कापतो. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, संपली की आमची मुलं आपापल्या गल्लीतून दोऱ्याचे गुंते गोळा करून गोण्या भरतात. विजेच्या तारांना आणि उंच गच्चीच्या कठड्याला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही मोठ्यांनी घातला, आणि एवढाच घातला. गुंत्यामागे काहीतरी बक्षीस द्यावं असं कुणी पालकांनी सुचवलं, तर खोया-पायाचा किस्सा सांगून मुलांनीच त्यांना नाही म्हटलं.

एखाद्या शाळेला हे करायचं असेल तर पैसा फार लागत नाही. मांडणी, थाळी, दोन वह्या आणि हजार-दीड हजारांचं भांडवल. अवघड आहे ते शनिवारची मोजदाद चालू असताना शिक्षकाने शेजारी बसून गप्प राहणं. मुलं चुकीची बेरीज करतात, उगाच भांडतात, अर्धा तास फुकट जातो. तेव्हा पेन हातात घेऊन पटकन हिशेब करून द्यावासा वाटतो. मी खिडकीशी बसून वह्या तपासत राहते. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना सुरुवातीलाच सांगून ठेवावं की पैसे कमी येतील. आधी सांगितलं तर ते साथ देतात, नंतर कळलं तर घाबरतात.

आमच्या कोषाध्यक्षिणीची आठवी झाली आणि ती आता नववीला दुसऱ्या शाळेत आहे. जाण्याआधी तिने नव्या संसदेला हिशेबाच्या वह्या समजावून दिल्या, पान न् पान. नवा कोषाध्यक्ष सहावीतला, हिशेबाला तरबेज, शंकेखोर. त्याचं म्हणणं असं की बिननावाच्या उधारीमुळे काही जण रेघ मारतच नाहीत, तेव्हा नाव नको तर निदान इयत्ता लिहावी, म्हणजे त्या त्या वर्गाला आपापसात बोलता येईल. मला हे पटत नाही आणि मी तसं बैठकीत माझ्या पाळीला सांगितलं. तिसरीच्या प्रतिनिधीने विचारलं की मग वर्गात सगळे त्याच मुलाकडे बघतील त्याचं काय? कोषाध्यक्षाने उत्तर द्यायला आठवडाभराची मुदत मागून घेतली आहे. मतदान येत्या शनिवारी, मोजदाद झाल्यावर.